चिनी मातीचा खल: काही न देणारं भांडं

१. बशी फुटते, मग खल कसा टिकतो?

चहाची बशी ओट्यावरून पडली की तिचे चार तुकडे होतात. त्याच घराण्यातल्या मातीचा खल मात्र शंभर-दीडशे वर्षं वापरात राहून जुन्या बाजारात धडधाकट येतो, आणि त्यात तर रोज बत्ता चालत होता. हे कसं, असं पाहणारा हमखास विचारतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: लोखंडी, पितळी, दगडी खलबत्ते असताना मुळात मातीचा खल करायचं कुणाला आणि कशासाठी सुचलं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. चिनी मातीच्या खलात कुणी कुटत नसे. कुटणं आणि खलणं ही दोन वेगळी कामं. सुंठ फोडायची, हळकुंड चेचायचं तर बत्ता उचलून आपटावा लागतो, ते कुटणं. फुटलेल्या तुकड्यांची वस्त्रगाळ पूड करायची तर बत्ता तळाशी टेकवून, दाबून, गोल फिरवावा लागतो, ते खलणं. भाजलेली माती दाब भरपूर सोसते, ताण मात्र तिला सोसत नाही. घाव बसला की भांड्याचा तळ किंचित वाकतो, त्याची खालची बाजू ताणली जाते आणि तिथून तडा सुरू होतो. खलताना तळावर फक्त दाब येतो. शिवाय खलाचा तळ चांगला जाड ठेवलेला असतो, त्यामुळे तो वाकतच नाही म्हटलं तरी चालेल.

म्हणून इंग्लंडमधल्या औषधाच्या दुकानांत दोन प्रकारचे खल असत. मुळ्या आणि साली कुटायला काशाचा किंवा लोखंडी, आणि पूड घोटायला मातीचा. मग शेवटचं काम धातूच्या खलातच का उरकत नव्हते? तो या प्रकरणाचा मुख्य विषय आहे. पण त्याआधी बारीक करण्याचा उपयोग काय, तो हिशोब पाहू.

२. बारीक केल्यानं काय वाढतं?

खडीसाखरेचा एक चौकोनी खडा घ्या, प्रत्येक बाजू १ सेंटिमीटर. त्याला सहा पृष्ठभाग, प्रत्येकाचं क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर. म्हणजे बाहेरच्या जगाला भिडणारी एकूण जागा ६ चौरस सेंटिमीटर.

आता त्याचे १ मिलिमीटर बाजूचे तुकडे करा. १,००० तुकडे होतील. एका तुकड्याचं क्षेत्रफळ ०.०६ चौरस सेंटिमीटर. हजारांचं मिळून ६०. आणखी बारीक करून प्रत्येक कण ०.१ मिलिमीटरचा केला तर ६००. साखर तेवढीच, वजन तेवढंच, पण पाण्याला भिडणारी जागा शंभरपट झाली. म्हणून पिठीसाखर चटकन विरघळते आणि खडा गालात धरून बसता येतं.

औषधाचंही तसंच. पाण्यात लवकर न विरघळणारं द्रव्य जितकं बारीक, तितकं ते पोटात लवकर विरघळतं. मसाल्याचं गणितही याच जातीचं: वेलची खलली की तिच्यातलं सुगंधी तेल एकदम मोकळं होतं.

या हिशोबाला दुसरी बाजूही आहे. पूड जशी पाण्याला जास्त भिडते, तशीच ती भांड्यालाही जास्त भिडते. आणि खलण्यात तर ती भांड्यावर दाबून घासलीच जाते. कण झिजतात तेव्हा भांडंही थोडं झिजतं. प्रश्न एवढाच, की झिजून निघालेलं ते भांडं जातं कुठं? उत्तर उघड आहे: औषधात.

३. जुनी भांडी औषधाला काय काय देत होती

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये औषधं तयार करून विकणाऱ्याला अपॉथेकरी म्हणत. तो नुसता दुकानदार नव्हता, रोग्याला तपासून सल्लाही देई. त्यांची लंडनमधली संघटना १६१७ मध्ये स्थापन झाली. या मंडळींच्या फळीवर जे खल असत, त्यांतला प्रत्येक जण आपापल्या परीनं औषधात भर घालत होता.

काशाचा खल सगळ्यांत देखणा. तो घंटा ओतणारे कारागीरच ओतत, आणि बत्ता आपटला की तो घंटेसारखा वाजेही. पण कासं म्हणजे तांबं आणि कथील. आंबट द्रव्य आत आलं की तांबं विरघळू लागतं. न कल्हई केलेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं हे ज्या घरात ठाऊक आहे, तिथं याहून जास्त सांगायला नको.

लोखंडी खल मजबूत, पण त्यात ओला हिरडा खलून पाहा. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून काळं द्रव्य तयार होतं. जुन्या काळी शाई अशाच मेळातून करत. खलात शाई झाली तर औषधाचं काय झालं, हे कोण सांगणार?

संगमरवरी खल दिसायला स्वच्छ, आणि इंग्लंडच्या मोठ्या स्वयंपाकघरांत तो मानाचा होता. पण संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर लिंबू पिळलं की बारीक बुडबुडे येतात आणि चकाकी जाते. शिवाय तो मऊ. खनिजांचा कठीणपणा मोजायची १ ते १० अशी एक मोजपट्टी आहे, मोज या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाची. शंखजिरं १ वर आणि हिरा १० वर. संगमरवर ३ वर, गारगोटी ७ वर. ३ च्या भांड्यात ५ ची वस्तू घोटली तर कोण कुणाची पूड करील, हे सांगायला नको.

त्या काळात या गोष्टींची भीती वाढायला एक कारणही घडलं. १७६७ मध्ये जॉर्ज बेकर या डॉक्टरनं दाखवून दिलं, की इंग्लंडच्या डेव्हन भागात सफरचंदाची दारू पिणाऱ्यांना होणारी जीवघेणी पोटदुखी शिशामुळे होते, आणि ते शिसं रस काढण्याच्या यंत्रसामग्रीतून पेयात उतरतं. भांडं पदार्थाला विष देऊ शकतं, ही गोष्ट ऐकीव न राहता पुराव्यानिशी पुढं आली.

४. मग साधी मडक्याची माती का चालली नाही?

मातीचे खल युरोपात नवे नव्हते. रोमन लोक दोन हजार वर्षांपूर्वी मोठे, पसरट, चोचीचे मातीचे कटोरे वाटणासाठी वापरत. ओल्या मातीत आतून गारगोटीचे बारीक खडे दाबून मग ते भाजायचे, म्हणजे आतला भाग खरखरीत राहतो. कुंभार काठावर आपल्या नावाचा ठसाही मारत, आणि ब्रिटनमधल्या उत्खननांत असे ठसे भरपूर सापडतात. जपानमध्ये आजही सुरिबाची नावाचं भांडं असतं. त्याच्या आतल्या बाजूला ओल्या मातीत फणीनं खाचा ओढलेल्या असतात आणि तीळ वाटायला लाकडी दांडा वापरतात. आपल्याकडे पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घेतात, त्यामागंही हाच विचार: वाटायला खरखरीतपणा लागतो.

पण मडक्याच्या तापमानाला भाजलेली माती सच्छिद्र राहते. तिच्यात पाणी झिरपतं, म्हणून तर माठ थंड राहतो. जे पाण्याला लागू, ते औषधालाही. आज त्यात पाऱ्याची पूड घोटली, तर उद्याच्या रोग्याच्या सुंठेत तिचा अंश येणार.

छिद्रं बंद करायला कुंभार वरून काचेचा थर देतात. त्याला झिलई म्हणू. पण त्या काळच्या साध्या मातीच्या भांड्यांवरच्या झिलईत बहुधा शिसं असे. बरणीत मलम साठवायला ती चालून जाई. बत्त्याखाली मात्र ती खरवडली जाणार आणि थेट पुडीत जाणार. म्हणून सतराव्या-अठराव्या शतकातल्या औषधाच्या दुकानातल्या सुंदर, निळ्या नक्षीच्या बरण्या संग्रहालयांत रांगेनं दिसतात, पण त्याच मातीचे खल दिसत नाहीत.

हवं होतं ते असं: आतून झिलई नाही, तरीही छिद्रं नाहीत; गारगोटीइतकं कठीण; आणि आम्लानं ढिम्म न हलणारं.

५. माती काचेत कशी अडकते

असं द्रव्य चीनमध्ये हजार वर्षांहून अधिक काळ तयार होत होतं. त्यात तीन गोष्टी लागतात. एक, केओलिन, म्हणजे पांढरी शुभ्र चिनी माती. ती भांड्याला आकार देते. दोन, गारगोटीची पूड. ती कठीणपणा देते. तीन, फेल्डस्पार नावाचं खनिज. ते भट्टीत वितळतं.

शेंगदाण्याची चिक्की डोळ्यांपुढं आणा. गूळ वितळतो, दाण्यांच्या फटींत शिरतो आणि थंड झाला की सगळे दाणे पक्के धरून ठेवतो. दाणे स्वतः वितळत नाहीत. भट्टीत १,३०० ते १,४०० अंश सेल्सियसला फेल्डस्पार गुळाचं काम करतो. तो काचेसारखा वितळून गारगोटीच्या आणि मातीच्या कणांमध्ये भरतो. मातीतूनही नवे, सुईसारखे कठीण स्फटिक उगवतात. थंड झाल्यावर जे उरतं ते आरपार घट्ट असतं. फटी भरल्यामुळे भांडं आक्रसतं, छिद्रं बुजतात, आणि वरून झिलई नसली तरी पाणी आत शिरत नाही.

याच जातीचं पण प्रकाश आरपार न जाणारं, जाड, दगडासारखं द्रव्य म्हणजे स्टोनवेअर. खलातून प्रकाश आरपार जाण्याची गरज नाही, त्यामुळे दोन्ही चालतात. दोन्हींचा कठीणपणा गारगोटीच्या आसपास, आणि रोजच्या वापरातली आम्लं दोघांनाही काही करू शकत नाहीत.

युरोपात चिनी मातीचं कोडं आधी सुटलं जर्मनीत. योहान फ्रीडरिश ब्योटगर हा बर्लिनमध्ये एका औषधविक्याकडे उमेदवारी करणारा पोरगा. सोनं करता येतं अशी बढाई मारल्यामुळे सॅक्सनीच्या अधिपतीनं त्याला ताब्यात ठेवलं. सोनं काही झालं नाही, पण अस्सल चिनी मातीचं भांडं झालं, आणि १७१० मध्ये माइसन इथं कारखाना निघाला. इंग्लंडमध्ये ही कला पोचायला आणखी अर्धं शतक लागलं, आणि तिथंही पहिलं पाऊल टाकलं ते एका औषधविक्यानंच.

६. औषधविक्या, कुंभार आणि एक पेटंट

विल्यम कुकवर्दी हा प्लिमथ शहरातला औषधांचा व्यापारी. त्याला १७४० च्या दशकात शेजारच्या कॉर्नवॉलमधल्या ट्रेगॉनिंग टेकडीवर केओलिन आणि वितळणारा दगड, दोन्ही सापडले. बरीच वर्षं प्रयोग करून त्यानं १७६८ मध्ये चिनी मातीच्या भांड्यांचं पेटंट घेतलं. कारखाना पुढं ब्रिस्टलला गेला आणि पेटंट रिचर्ड चँपियन या व्यापाऱ्याकडे.

१७७५ मध्ये चँपियननं पार्लमेंटकडे पेटंटची मुदत वाढवून मागितली. तेव्हा स्टॅफर्डशायरच्या कुंभारांच्या वतीनं विरोधाला उभा राहिला जोसाया वेजवुड. हा १७३० साली बर्स्लेमच्या कुंभार घराण्यात जन्मलेला, एट्रुरिया नावाच्या स्वतःच्या कारखान्याचा मालक. त्याचं म्हणणं, की जमिनीतून निघणारी माती एका माणसाच्या मालकीची कशी? पार्लमेंटनं मुदत वाढवली, पण मधला मार्ग काढून. प्रकाश आरपार जाणारी भांडी फक्त चँपियननं करायची. कॉर्नवॉलची माती आणि दगड इतर कामांसाठी सगळ्यांना खुले. त्याच वर्षी वेजवुड स्वतः कॉर्नवॉलला जाऊन मातीची सोय करून आला.

वेजवुडची तोपर्यंतची कीर्ती सायरंगी चहाच्या भांड्यांवर उभी होती. राणीनं पसंत केलेली ती भांडी शिशाच्या झिलईची, म्हणजे खलाच्या कामाला अगदीच कुचकामी. पण तो हजारो मिश्रणं करून, प्रत्येकाची नोंद ठेवून काम करणारा माणूस. १७७० च्या दशकाच्या अखेरीस त्यानं खलासाठी वेगळंच मिश्रण बसवलं: मळकट पांढरं, झिलई नसलेलं, अतिशय कठीण स्टोनवेअर. रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली हा त्याचा मित्र. त्याला वेजवुड प्रयोगासाठी मातीच्या नळ्या आणि बकपात्रं पुरवत असे. आम्लं आणि आग यांत भांडं टिकतं की नाही, याची त्याहून कडक परीक्षा कुठं मिळणार?

खलाचं हे मिश्रण इतकं नावाजलं, की पुढच्या शतकात औषधनिर्मितीच्या पुस्तकांत ‘वेजवुड खल’ हे एका जातीचं नाव झालं. मग तो कुठल्याही कारखान्यातून आलेला असो. लोखंडी खल, काचेचा खल, वेजवुड खल, अशी ती यादी असे.

७. बत्त्याला लाकडी मूठ कशासाठी?

जुना खल ओळखण्याची पहिली खूण म्हणजे त्याचा बत्ता. खालचं गोल डोकं मातीचं, त्यात खोबण, आणि त्या खोबणीत राळ किंवा तत्सम चिकट मसाल्यानं पक्की केलेली लाकडी मूठ.

याचं कारण पहिल्या विभागातच आलं आहे. मातीला ताण सोसत नाही. खलताना डोक्यावर दाब येतो, पण लांब दांड्यावर आडवा जोर येतो, आणि आडव्या जोरात एक बाजू ताणली जाते. मोठ्या खलाच्या बत्त्याचा दांडा मातीचाच केला तर तो तिथंच मोडेल. लाकूड मात्र थोडं वाकतं आणि पुन्हा सरळ होतं. छोट्या खलांचे बत्ते आखूड असतात, त्यामुळे ते अख्खे मातीचे असले तरी चालतात.

डोक्याचा गोलवाही महत्त्वाचा. तो खलाच्या तळाच्या गोलव्याशी जुळला पाहिजे. डोकं टोकदार असेल तर ते एका ठिपक्यावर टेकतं आणि पूड बाजूला पळते. चपटं असेल तर फक्त कडांवर टेकतं. म्हणून एका खलाचा बत्ता दुसऱ्यात चालेलच असं नाही, आणि बाजारात विजोड जोड्या बऱ्याच मिळतात.

आतला तळ खरखरीत हवा, हे रोमन कुंभारांपासून चालत आलेलं तत्त्व इथंही लागू होतं. होमिओपॅथीचा प्रवर्तक हानेमान यानं तर दुधाची साखर खलण्याआधी चिनी मातीच्या खलाचा तळ ओल्या बारीक वाळूनं घासून घ्यायला सांगितलं. त्याच्या उपचारपद्धतीबद्दल मत काहीही असो, खलाबद्दलचा हा सल्ला कुठल्याही प्रयोगशाळेत चालतो.

८. दोन ग्रॅम औषध, बत्तीस पुड्या

खलाचं दुसरं मोठं काम मिसळण्याचं. समजा २ ग्रॅम तीव्र औषध ३० ग्रॅम दुधाच्या साखरेत मिसळून १-१ ग्रॅमच्या ३२ पुड्या बांधायच्या आहेत. प्रत्येक पुडीत ६२.५ मिलिग्रॅम औषध यायला हवं. सगळी साखर एकदम ओतून ढवळलं तर काय होईल? एखाद्या पुडीत दुप्पट जाईल, एखादीत जवळपास काहीच नाही. तीव्र औषधाच्या बाबतीत हा फरक जिवाशी खेळ ठरू शकतो.

म्हणून कसलेला माणूस असं करी. २ ग्रॅम औषधात तेवढीच, म्हणजे २ ग्रॅम साखर घालून खलायचं, झाले ४. त्यात ४ ग्रॅम साखर, झाले ८. त्यात ८, झाले १६. त्यात १६, झाले ३२. घातलेली साखर मोजा: २ + ४ + ८ + १६ = ३०. चारच पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला मिसळायचे दोन ढीग सारखे. सारख्या ढिगांची मिसळण सोपी असते.

बत्ता मध्यापासून सुरू करून गोल गोल कडेपर्यंत न्यायचा आणि तसाच परत आणायचा. खल कधी काठोकाठ भरायचा नाही. पाव-तिसरा हिस्सा पुरे. कडेला चिकटलेली पूड अधूनमधून खरवडून मध्यात आणायची.

काही द्रव्यं हट्टी असतात. कापूर दाबला की चिकटतो, पूड होत नाही. त्यावर अल्कोहोलचे दोन-चार थेंब टाकले की तो निमूट खलला जातो, आणि थेंब उडून जातात. पाऱ्याची तऱ्हा निराळी. इंग्लंड-अमेरिकेत एके काळी घरोघर घेतली जाणारी ‘निळी गोळी’ म्हणजे गुलाबाच्या पाकासारख्या चिकट पदार्थात खललेला पारा. एकही चमकता थेंब दिसेनासा होईपर्यंत तो घोटायचा. आपल्या रसवैद्यांची कज्जली याच जातीची: पारा आणि गंधक खलात घोटत राहायचं, चकाकी जाऊन काजळासारखी काळी पूड होईपर्यंत.

आणि काही गोष्टी खलात कधीही एकत्र आणायच्या नाहीत. पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक एकत्र खललं तर घर्षणानं स्फोट होतो. खलायच्या आधी आत काय काय जातंय हे ठाऊक हवं.

९. स्वयंपाकघर, कंपाउंडर आणि गोळीचं यंत्र

इंग्लंडच्या स्वयंपाकघरातही खलाला काम भरपूर होतं. साखर शंकूच्या आकाराच्या ढेपेत मिळे. ती फोडून खलावी लागे. १८६१ मध्ये पुस्तकरूपानं आलेल्या मिसेस बीटन यांच्या गृहव्यवस्थेच्या ग्रंथात शिजलेलं मांस खलात वाटून, लोणी घालून बरणीत भरण्याच्या कृती आहेत. लिंबू, व्हिनेगर, मसाले यांना न घाबरणारा मातीचा खल तिथं सोयीचा होता.

आपल्याकडे हा खल आला तो पाश्चात्त्य वैद्यकाबरोबर. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि तिथून बाहेर पडलेल्या डॉक्टरांचे दवाखाने शहरांत, मग तालुक्यांच्या गावी उघडले. लाकडी खिडकीमागं कंपाउंडर बसे. त्याच्यासमोर तराजू, रंगीत मिश्रणांच्या बाटल्या आणि पांढरा खल. तो गोळ्या खलून कागदाच्या पुड्या बांधी आणि बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवून डोस दाखवी. कित्येक मराठी घरांत चिनी मातीचा खल पाहिलेला असतो तो अशाच दवाखान्यात. घरचं वाटण मात्र पाट्यावर आणि लोखंडी-पितळी खलबत्त्यातच होत राहिलं, कारण आपल्या मसाल्याला आधी कुटावं लागतं.

या खलाचं काम काढून घेतलं ते एका चित्रकारानं. विल्यम ब्रोकडन यानं १८४३ मध्ये साच्यात पूड दाबून गोळी करण्याचं पेटंट घेतलं. त्याला खरं तर शिसपेन्सिलीसाठी शुद्ध ग्रॅफाइटची पूड दाबून घट्ट करायची होती. तीच युक्ती औषधाला लागू पडली. १८८४ मध्ये बरोज वेलकम कंपनीनं आपल्या गोळ्यांसाठी ‘टॅब्लॉइड’ हे नाव नोंदवलं, आणि हळूहळू औषध तयार करण्याचं काम दुकानातून कारखान्यात गेलं. तिथं खलाच्या जागी फिरतं पिंप आलं; त्यात कठीण गोळे घरंगळत पूड करतात. गंमत अशी, की त्यांतली कित्येक पिंपं आणि गोळेही चिनी मातीचेच असतात, आणि कारण तेच: त्यातलं काही पुडीत उतरू नये.

१०. जुना खल घ्यायचा असेल तर

आधी तळ उलटा करून ठसा पाहा. वेजवुडचा ठसा मातीत दाबलेला असतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘जी’ आणि ‘डब्ल्यू’ यांच्या मध्ये जादा ‘ई’ दिसला तर तो माल दुसऱ्याचा समजा. या नावाची नक्कल करणारे एकोणिसाव्या शतकातच निघाले होते. ठशात ‘इंग्लंड’ असेल तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची, कारण अमेरिकेच्या नव्या जकात कायद्यानुसार तेव्हापासून आयात मालावर देशाचं नाव लागू लागलं. ठसा नसलेले चांगले खलही पुष्कळ आहेत, तेव्हा ठशासाठी अडून बसू नका. आकडा असेल तर तो मापाचा असतो, सालाचा नाही.

मग आत पाण्याचा थेंब ठेवा. थेंब जागीच राहिला तर भांडं आरपार भाजलेलं आहे. शोषला गेला तर ते साधं मातीचं, शोभेचं समजा. नंतर खल तळहातावर धरून बोटाच्या पेरानं काठावर टकटक करा. आवाज भद्द आला तर कुठंतरी तडा आहे. संशय असेल तर गार झालेला कडक कोरा चहा आत ओतून काही तास ठेवा. केसासारखी चीर असेल तर ती तपकिरी उठून दिसते. लाकडी मुठीचा बत्ता कधीही पाण्यात भिजत ठेवू नका. लाकूड फुगतं, मसाला सुटतो आणि डोकं हातात येतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. अशा खलात स्वयंपाक करावा का? औषधाच्या दुकानातल्या आणि स्वयंपाकघरातल्या खलाचा आकार सारखाच, त्यामुळे तो कुठं वापरला होता हे बघून कळत नाही. त्यात पारा, आर्सेनिक, शिसं, कुचल्याचं विष, काहीही खललेलं असू शकतं. घट्ट भाजलेली माती यांतलं काही शोषत नाही हे खरं, पण ओरखडे, चिरा आणि बत्त्याच्या मुठीचा सांधा यांना तो नियम लागू नाही. ज्या भांड्याची सारी ख्याती काही न देण्यावर उभी आहे, तेच चीर पडली की शतकभराचा साठा सोडू शकतं. तेव्हा जुना खल कपाटात शोभेला ठेवा आणि चटणीसाठी नवा घ्या.

नवा घेताना आतून झिलई नसलेला, जाड तळाचा, निदान दोन मुठी ऐवज मावेल असा बघा. धुऊन, वाळवून पहिल्यांदा मूठभर कोरडे तांदूळ खला. पीठ करडं आलं तर ते फेकून पुन्हा तांदूळ घ्या. पीठ पांढरं शुभ्र निघालं की खल कामाला तयार आहे. त्यानंतर वाटणात उतरेल ते फक्त तुम्ही घातलेलं.